रज्जाकभाईंचं मटण आणि माझी सुई

हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा, उगाच ठसका लागेल. एका माणसाला धीर द्यायला गेलो आणि त्याच्याकडं होता नव्हता तोही घालवून बसलो, असा माझा पराक्रम आहे!

मी उमरग्यात भूल देणारा डॉक्टर. लहान लेकराचं मोडलेलं हाड बसवायचं असलं की आधी त्याला झोपवतो, मग सोनोग्राफीच्या पडद्यावर हाताची नस बघत तिच्या शेजारी बधिर करणारं औषध सोडतो. लेकरू जागं झालं तरी बराच वेळ हात दुखत नाही. सोपं वाटतं ना? पडद्यावरची सुई क्षणभर दिसेनाशी झाली की आम्हालाच घाम फुटतो! म्हणून सराव ठेवावा लागतो. कशावर? मटणावर!

आता आमचं घर लिंगायत. अंड्याचं नाव काढलं तरी आई चूळ भरते. त्यामुळं रविवारी सकाळी दवाखान्यात जाताना मी स्टीलचा डबा रुमालात गुंडाळून रज्जाकभाईंच्या दुकानात मागच्या दारानं शिरायचो.

"पाहुणे आलेत," मी सांगायचो.

"हौ साब, पाहुणे," असं म्हणत ते डोळा मारायचे आणि मांडीचा एक नंबर तुकडा काढून द्यायचे. दर रविवारी पाहुणे! पण भल्या माणसानं गावात कुठं ब्र काढला नाही. उलट आई बाजारात भेटली की, "अम्मा, तुमचा लेक लई सरळ हाय," म्हणायचे.

मग एका दुपारी त्यांचाच सहा वर्षांचा अयान उभ्या टेम्पोवरून पडला आणि हात मोडून आमच्या दवाखान्यात आला. रोज सत्तूर चालवणारे रज्जाकभाई, पण त्यांना लेकराच्या हाताकडं बघवत नव्हतं.

"साब, नस बधिर करायची म्हणता. हात चांगला ऱ्हाईल ना? आधी केलंय ना तुमी हे?"

सोलापूरला शिकताना, इथं आल्यावरही, कितीतरी लेकरांना मी हे केलं होतं. तेवढं सांगितलं असतं की झालं! पण मला वाटलं, जरा आपुलकीनं बोलावं.

"बिनघोर राहा रज्जाकभाई! तुमच्याच मटणावर हात बसवलाय!"

"म्हंजे... पाहुणे?"

"नव्हतेच हो!"

"मग तुमी खाल्लं?"

"छे! सुया टोचल्या फक्त."

"निवडून निवडून देत होतो म्या," ते हळूच म्हणाले. मग एकदम डोळे मोठे झाले. "आन् आता माझ्या लेकराला टोचणार?"

अयानला उचललं आणि निघाले की दाराकडं!

मोडलेला हात घेऊन ते लेकरू जाणार कुठं? मी दारात आडवा उभा राहिलो, सोलापूरचं सगळं भडाभडा सांगितलं. पटेना. शेवटी मशीन चालू केलं आणि स्वतःच्याच दंडावर लावलं.

"अब्बा, डॉक्टर के हाथ में टीव्ही है!" अयान रडायचा थांबला. "मेरे में बी देखो ना!"

रज्जाकभाईंनी वाकून आधी पडदा बघितला, मग माझा दंड. मग लेकराला खाटेवर ठेवलं. "घ्या साब. तुमच्या हवाली."

त्या दिवशी सुई मी जितकी जपून धरली, तितकी आयुष्यात कधी धरली नसेल. संध्याकाळी अयान प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून दुसऱ्या हातानं बिस्किटं खात होता. पोरगं कण्हतसुद्धा नाही हे बघून रज्जाकभाईंचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवत नाही.

इथंच थांबलं असतं तर? पण पुढच्या रविवारी रज्जाकभाई थेट आमच्या घरी! उपकार फेडायला.

"अम्मा, गाव काहीबाही बोलायच्या आधी मीच सांगतो. डॉक्टरसाब माझ्याकडनं मटण नेतात, पण खात न्हाईत. खुदा कसम! सुई टोचून टीव्हीत बघतात."

आईला तोवर यातलं काहीच ठाऊक नव्हतं! तिनं शांतपणे ऐकून घेतलं, त्यांना चहा दिला. ते गेल्यावर माझ्याकडं वळली.

"खातोस तर खा बाबा. पण त्या भल्या माणसाला असलं खोटं बोलायला लावू नगंस."

मी शपथा घेतल्या, मशीन दाखवायला नेतो म्हणालो. काही उपयोग झाला नाही.

तेव्हापासून रविवारी माझ्या डब्यात दोन भाकरी जास्त असतात. सोबत चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड.