पैलवानाची आंघोळ

पहिल्याच सकाळी आबांनी माझा दात पाडला. आंघोळीआधी त्यांचं धोतर सोडून मी अंगाला तेल चोळायला घेतलं होतं. त्यांनी माझ्याकडं नीट निरखून पाहिलं, दोन पावलं मागं सरले, मांडीवर शड्डू ठोकला, आणि मला काही कळायच्या आत मनगट धरून मला खांद्यावरून न्हाणीच्या दगडावर आपटलं. माझं तोंड रक्तानं भरलं. वर बघतो तर सत्तरी उलटलेला तो माणूस लंगोटावर उभा, दोन्ही हात आभाळाकडं, छाती अजून कवाडासारखी.

आतून त्यांची सून धावत आली. मला वाटलं मला उठवायला आली. तिनं आधी आबांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि मग मला म्हणाली, "दादा, जिंकल्यावर त्यास्नी काहीतरी द्यावं लागतं. न्हाईतर पुन्ना धरत्यात."

मी लढाईत होतो, पण बंदूक धरणारा नव्हतो. फौजेच्या इस्पितळात जखमींना उठवायचं-बसवायचं, पाठ सडू नये म्हणून कूस पालटायची, हागणं-मुतणं काढायचं, हे माझं काम. लढाई संपली, पलटणीतून सुटलो आणि खंडाळ्याकडं गावी आलो. बाकीचे परतलेले गडी पारावर बसून ब्रह्मदेशाच्या गोष्टी सांगायचे. मला कुणी विचारलं, तू किती मारलेस, की मी खरं ते सांगायचो. माझ्या आईला तोंड लपवायला जागा उरली नाही. तेवढ्यात फौजेत ओळख झालेल्या सांगलीच्या एका डॉक्टरांचा निरोप आला. कडेगावच्या बाजूला एका ऊसवाल्या शेतकऱ्याच्या घरी म्हाताऱ्याला सांभाळायला माणूस हवा होता. म्हातारा जरा तापट आहे, एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

आबा त्यांच्या काळचे नावाजलेले पैलवान. आता डोकं गेलं होतं. पोटच्या मुलाला ओळखत नव्हते, जेवलो की नाही ते आठवत नव्हतं. पण हातांना सगळं आठवत होतं. अंगाला तेल लागलं की त्यांच्या लेखी कुस्ती ठरली. समोरचा मी, म्हणजे कुणीतरी बाहेरगावचा गडी. त्या पहिल्या महिन्यात मी रोज पडलो. माझी एक बरगडी दुखावली, कान पैलवानासारखा सुजून चुरगळला, आणि डावा खांदा निखळला तो मीच भिंतीला टेकून परत बसवला. शेजारचे चार-दोन म्हातारे आमच्या आंघोळीच्या वेळेला अंगणाच्या दगडी गडग्यावर येऊन बसायचे. "पाव्हणं, पाय मागं घ्या," असं मला शिकवायचे आणि मी पडलो की माना हलवायचे, जसं काही त्यांच्या गावाची अब्रू माझ्यामुळं गेली.

पुढं मला अक्कल आली. मी धोतर सोडायचंच बंद केलं. अंगावरच्या कपड्यांनिशी पाणी घालायचं, तेल रात्री झोपेत तळपायाला तेवढं लावायचं. मार निम्म्यानं कमी झाला. गडग्यावरचे म्हातारे माझ्यावर नाराज झाले.

या घरात खरी मारामारी मात्र आबांची नव्हती, मालकांची होती. मालक म्हणजे आबांचा थोरला. धाकटा पलटणीत होता. मालक दिवसभर ऊस आणि गुऱ्हाळ बघत आणि संध्याकाळी बापासमोरून जाताना नजर खाली घालत. एकदा मी बाजाराला गेलो होतो. परत आलो तर आबा गोठ्यात मेढीला बांधलेले, कासऱ्यानं, बैलाच्या शेजारी. मनगटं सोलून निघाली होती. मी सोडायला गेलो तर मालक आडवे आले. मी म्हणालो, मालक, असं बांधायचं असेल तर माझी गरज न्हाई. ते शांतपणे म्हणाले, "मला बी असंच बांधायचा ह्यो. ह्याच मेढीला."

नंतर सुनेनं भाकरी थापता थापता सांगितलं. आबांना थोरल्याला पैलवान करायचं होतं. पहाटे उठवून तालमीत न्यायचे, जोर चुकला की वेताची छडी. डाव जमला नाही म्हणून एकदा पोराचं बोट मोडलं होतं. पोराचं अंग मुळातच किरकोळ. शेवटी बापानं भर गावात सांगितलं, हा माझा न्हाई. त्या दिवसानंतर बाप-लेक कामापुरतं बोलले, आणि आता तर बापाला काहीच आठवत नव्हतं. सुनेचं म्हणणं असं की मालकांना तोच राग होता. ज्याच्यावर रागवायचं तो माणूस सुटून गेला होता.

त्या दिवशी गोठ्यात मी कासरा सोडलाच. मालकांनी अडवलं नाही.

गुऱ्हाळ ऐन भरात असताना ते घडलं. दुपारी सुनेनं गोठ्यालगतच्या अंगणात आबांपुढं ताट ठेवलं. काय झालं देव जाणे, आबांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि तिच्या कपाळावर हाणली. भुवईच्या वर कातडं फाटलं, डोळा रक्तानं बुजला. मी तिच्या कपाळावर फडकं दाबून धरलं होतं तोवर कुणीतरी मळ्यात ओरडत गेलं आणि मालक आले. त्यांनी बायकोकडं पाहिलं. गोठ्यातून आसूड आणला आणि बापावर ओढला. पुन्हा ओढला. आबांच्या पाठीवर, मानेवर वळ उठत होते. म्हातारा खाली मान घालून मुकाट उभा होता. मी ओरडलो, पण फडकं सोडता येईना.

मग आबांनी मान वर केली. चेहऱ्यावर हसू होतं. त्यांनी शड्डू ठोकला.

आसूड कुठं गेला ते दिसलंच नाही. मालकांची मान आबांच्या काखेत होती आणि दुसरा हात त्यावर कुलपासारखा बसला होता. मालकांचे पाय शेणात घासत होते. मी मागून आबांना मिठी मारून ओढलं. झाड ओढल्यासारखं. सुनेनं तशाच रक्ताळल्या तोंडानं सासऱ्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या, गूळ देते म्हणाली, पाया पडली. मालकांचा चेहरा काळा-निळा झाला, जीभ बाहेर आली. पाट्यावर वरवंटा होता. मी तो उचलला आणि आबांच्या कोपरावर घातला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला हाड मोडल्याचा आवाज आला.

मिठी सुटली. मालक शेणात पडून खोकत राहिले. आबा आपल्या लोंबत्या हाताकडं लहान पोरासारखं बघत होते.

मी बांबूच्या कामट्या लावून हात बांधला आणि आम्ही त्यांना बैलगाडीत घालून सांगलीला निघालो. कपाळ बांधून सून मागं राहिली. गाडी दगडावर आदळली की आबा कण्हायचे. डोकं आपटू नये म्हणून कुणीतरी ते मांडीवर घ्यायला हवं होतं, आणि मी हात धरून बसलो होतो. मालकांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग बापाचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. त्यांच्या गळ्याभोवती काळा-निळा पट्टा उमटला होता.

वाटेत आबांनी मला खाली वाकायला खुणावलं. हळू आवाजात, विश्वासात घेतल्यासारखं विचारलं, "गड्या, माझा हात कुनी मोडला, ठावं हाय का तुला?"

मी न्हाई म्हणालो.

"घावला तर सांग. मान मुरगाळतो त्याची."

मला हसू येत होतं. तेवढ्यात मालक बोलले. घशातून नुसती घरघर येत होती. ते म्हणाले, "म्या मोडला."

आबांनी मान वळवून वर पाहिलं. बराच वेळ त्या चेहऱ्याकडं बघत राहिले. ओळख पटली असं मी म्हणणार नाही. मग म्हणाले, "शाब्बास, रं. लय दिसानं कुनीतरी मला पाडलं."

मालकांनी तोंड गाडीच्या बाहेर फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. बैल हाकणारा गडी वळून बघायला लागला तसं मी त्याला पुढं बघ म्हणून सांगितलं.

डॉक्टरांनी हात बसवला, पण म्हातारं हाड नीट जुळलं नाही. कोपर वाकडंच राहिलं. त्यानंतर आबा कुणावर धावून गेले नाहीत. एका हातानं कुस्ती होत नाही हे त्यांच्या हातांना कळलं असावं. मालक रोज संध्याकाळी त्यांच्या बाजेवर येऊन बसायचे. एखाद्या वेळी वाकड्या कोपराला शेक द्यायचे. मी शिकवलं तर शिकायचे, हात मात्र जड होता. पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. शेवटची आंघोळ मालकांनी घातली, तेलासकट. मी नुसतं पाणी देत होतो.

सून मला म्हणाली, राहा, मळ्यात काम आहे. तिच्या भुवईवरची खूण बघवत नव्हती, म्हणून नाही म्हणालो.

त्यानंतर साताऱ्यात एका निवृत्त मास्तरांना सांभाळायला लागलो. अर्धं अंग गेलेले, स्वभावानं मऊ, घरात मोठ्यानं बोलणंसुद्धा नाही. असं काम म्हणजे सुटीच. पण दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्यांनी पाणी मागायला आपला चांगला हात उचलला आणि मी झटकन खाली बसून डोकं दोन्ही हातांत लपवलं. तांब्या कलंडला. पाणी सगळ्या बिछान्यावर.

मी चादर बदलली, त्यांना कुशीवर केलं, पाठ पुसली. तेव्हा मास्तरांनी विचारलं, "याआधी कुठं होतात तुम्ही?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, वरवंट्यासकट. ते ऐकत राहिले आणि पैलवान कुठल्या डावात हुशार होते तेवढंच त्यांनी विचारलं.

पुढं मी त्यांच्याकडं बरेच दिवस होतो. पाणी हवं असलं की ते आधी मला हाक मारायचे, मी बघितलं याची खात्री करायचे आणि म्हणायचे, "हात वर करतोय हं."