नेता न येणाऱ्या वस्तू

परक्या घरात पाऊल टाकताच तिथलं काय काय उचलून नेता येईल याचा अंदाज घेणारी माणसं जगात दोनच प्रकारची: चोर आणि आमचे धुळ्याचे घरमालक. नाना दिवाणी कोर्टात बेलीफ होते. तीस वर्षं लोकांच्या घरी जप्त्या करून ते निवृत्त झाले, पण नजर काही निवृत्त झाली नाही. आम्ही बिऱ्हाड थाटलं त्या दिवशी चहा घेता घेता त्यांनी चारी भिंती न्याहाळल्या आणि माझ्या बायकोला दिलासा दिला, "वहिनी, पंखा जाईल, रेडिओ जाईल. पण भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि मंगळसूत्र, यांना कोर्टसुद्धा हात लावू शकत नाही." आम्ही कुणाचं एका पैशाचं देणं लागत नव्हतो. तरी बायको पुढे आठवडाभर पंख्याकडे संशयाने बघायची.

रोज संध्याकाळी ते पंचांगात सूर्यास्ताची वेळ पाहून ओट्यावरून जाहीर करत. सूर्य मावळल्यावर बेलिफाला कुणाच्या घरात शिरता येत नाही, ही खुशखबर गल्लीला रोज मिळावी असं त्यांना वाटे. भाडेकरूंना तर त्यांनी भाडेकरूंचे हक्क इतके समजावून ठेवले होते, की भाडं थकलं तर मागायची नानांचीच पंचाईत व्हायची. नानी कपाळावर हात मारून घेत.

मागच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या अक्का राहत. नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी एका फायनान्सवाल्याकडून पैसे घेतले होते. नवरा गेला, हप्ते राहिले. एका दुपारी वसुलीचे दोन दांडगट अंगणात उभे राहून साऱ्या गल्लीला ऐकू जातील अशा शिव्या देऊ लागले. मशीन नेतो म्हणाले. त्या मशीनवर तीन पोटं होती. पण अक्का लाजेने इतक्या अर्धमेल्या झाल्या, की त्यांनी स्वतःच मशीनवरचं अर्धवट शिवलेलं पोलकं काढायला घेतलं.

नाना बनियनवरच आले आणि आधी त्या दोघांसाठी खुर्च्या मागवल्या. मग त्यांच्याच अहिराणीत विचारलं,

"कोर्टना कागद शे का भाऊ?"

नव्हता.

"कागद लई या, तरी हाई मशीन जाणार नही. पोट भरानं अवजार शे ते तिनं, कोर्टबी हात लावत नही."

एकजण गुरगुरला. नानांनी शांतपणे कोरा कागद पुढे केला. "लई जावानं ना? मंग तुमनं नाव लिखा, बठ्ठं, एकूणएक सामान लिखा, खाले सही करा. मी पंच."

शिव्या दोघांनाही तोंडपाठ होत्या. सही मात्र एकालाही करायची नव्हती. मोटारसायकल सुरू झाली तेव्हा नाना अक्कांना म्हणाले, "पैसा त देनाच शे, बहीन. पन शिव्या खानं कर्जमा लिखेल नही."

मी खुशीत होतो. ओट्यावर बसत म्हटलं, "नाना, आज मैदान मारलंत!"

ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसू लागले.

"अमळनेरला एका शिंप्याची मशीन उचलली होती मी. सावकाराने बोट दाखवलं, मी यादीत लिहिली. शिंप्याने हरकत घेतली असती तर कोर्टाने परत दिली असती. त्याला कायदा माहीत नव्हता."

"आणि तुम्हाला?"

"मला पाठ होता."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही; नुसतं वाईट वाटलं, त्या शिंप्यासाठी आणि नानांसाठीही. मागच्या खोलीत मशीन पुन्हा सुरू झाली होती. ते मान खाली घालून ऐकत बसले.