आढ्यावरचा घाव

रोह्याजवळच्या आमच्या घराला दोन पाखी होती. पुढचं उतरतं छप्पर आमचं, मागचं दिराचं. वाटण्या झाल्या तेव्हा भिंत घालून घर दोन केलं, पण दोन्ही बाजूंचे वासे ज्याच्यावर टेकलेले, ते मधलं आढं एकच राहिलं. एका बाजूचे वासे काढले तर दुसऱ्या बाजूचे घसरतात. म्हणून ठरलं होतं, दिराला स्लॅब टाकायचा तर आधी आम्ही सुतार बोलवायचा, आमच्या पाख्याला टेकू द्यायचे, मग त्याने हात लावायचा.

मे महिन्यातला रविवार होता. नवरा पहिल्या शिफ्टला धाटावच्या कारखान्यात गेलेला. सहा वर्षांची मुलगी तापाने आतल्या खोलीत झोपली होती. नऊच्या सुमारास वर धाडधाड आवाज सुरू झाला. बाहेर येऊन बघते तर दीर छपरावर चढून मागची मंगलोरी कौलं उपटून अंगणात भिरकावत होता. कौलं पडून फुटत होती. थोड्याच वेळात कौलांखालच्या रिपा निघाल्या, आणि तो कुऱ्हाडीने वासे तोडायला लागला.

"भावजी, थांबा! पोर झोपलीय आत!"

"मग उचला ना वहिनी. किती वर्षं थांबू? तुमचा टेकू काय येत नाय."

मी मुलीला उचलून बाहेर आणेपर्यंत आमच्या खोलीत कौलं कोसळायला लागली होती. ती निजलेली त्या गादीवरच एक फुटलं. मुलीला समोरच्या ओट्यावर शेजारणीजवळ ठेवलं आणि परत आले. जाऊ खाली उभी राहून तिच्या नवऱ्याला हाका मारत होती. "उतरा हो, घर पडेल!" त्याने वरूनच तिला एक घाण शिवी घातली आणि आढ्यावर घाव घातला. सागाचं जुनं लाकूड, पहिल्या घावाला नुसतं खणखणलं. दुसऱ्या घावाला आमचं पाखं हातभर खाली सरकलं.

मी अर्धं कौल उचललं आणि फेकलं.

ते त्याच्या कपाळावर बसलं. कुऱ्हाड सुटली. तो उघड्या वाशांवरून घसरत वळचणीपर्यंत आला आणि खाली अंगणात आदळला. डाव्या भुवईपासून केसांपर्यंत कातडी फाटली होती, हाडाचा पांढरा रंग मला दिसला. जावेने पदराने त्याचं डोकं दाबून धरलं आणि मोकळ्या हाताने माझ्या तोंडात मारली. मी ती खाल्ली.

दोघींनीच त्याला रिक्षात घातलं. दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं?

"छपरावरून कौल सुटलं," जाऊ म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर मी तिला म्हटलं, "तू खरं का नाय सांगितलंस गो?"

"तुमच्यासाठी नाय," ती म्हणाली. "पोलिसात गेलं तर दोन्ही घरं जातील. तुमची पोरगी आत झोपली होती हे पण मला ठाऊक हाय."

पण पोरगी तेव्हा बाहेर होती. ते मला माहीत होतं, तिलाही दिसलं होतं. कौल उचललं तेव्हा आत कोणीच नव्हतं, वाचवायचं काही उरलंच नव्हतं. त्याला लागावं, एवढंच मला हवं होतं.

आढं राहिलं नाही. नवऱ्याने संध्याकाळी येऊन उरलेली कौलं उतरवली. पावसाआधी आम्ही पत्रे टाकले, दिराने स्लॅब टाकला. त्याचा डावा डोळा वाचला, पापणी मात्र पूर्ण मिटत नाही. गणपतीत मी मोदक घेऊन गेले आणि माफी मागितली. त्याने ताट घेतलं, आत नेऊन ठेवलं, आणि दार लावून घेतलं. जाऊ अजून माझ्याशी बोलते. कौलाविषयी मात्र एकदाही नाही.