दाढ माझ्याकडे, नंबर सलूनमध्ये

“म्याडम, सायब म्हनले, तुमच्याकडं नंबर न्हाई. नंबर सलूनात हाय.”

जाधव हे बोलले तेव्हा त्यांचा डावा गाल सुजून टम्म झाला होता. माणूस साताऱ्याकडचा, रबाळ्याच्या एका कारखान्यात टेम्पररी हेल्पर. दाढेच्या मुळाशी पू. तो काढून मी औषध दिलं होतं. रूट कॅनल केलं, म्हणजे आतली नस साफ करून दाढ भरली, तर ती वाचणार होती. पण त्याला चार वेळा यावं लागतं. सुट्टी मिळणार कंपनीने ट्रीटमेंट मंजूर केली तरच. न विचारता खाडा केला की टेम्पररी माणूस गेटबाहेर.

आणि मंजुरी अडली होती माझ्या नंबरावर.

डेंटिस्ट पास झाला की कौन्सिलमध्ये नाव नोंदवतो. तिथे मिळतो तो रजिस्ट्रेशन नंबर. हा माणूस खरोखर शिकलेला आहे, एवढंच तो सांगतो. पण लोकांच्या डोक्यात काय काय असतं! एक आजी माझा नंबर फार मोठा म्हणून उठून गेल्या. त्यांना पहिल्या शंभरातला डॉक्टर हवा होता. एका गृहस्थांनी आकड्यांची बेरीज केली. आठ आली. म्हणाले, “बदलून नाही का मिळत?” मी कॉलेजपासून पत्रकं वाटत आलेली. लगेच पत्रक छापलं: ‘नंबर म्हणजे दर्जा नव्हे, नशीब नव्हे!’ नंबर म्हणजे जागा नव्हे, हे लिहायचं राहिलं. इतका मूर्खपणा मला सुचलाच नव्हता.

झालं असं की मी क्लिनिक मागच्या गल्लीत हलवलं. नावाची पाटी नेली. नंबरची छोटी पत्र्याची पाटी तिथेच राहिली. खाडीच्या हवेने तिचे स्क्रू गंजून बसले होते. त्या गाळ्यात आता सलून आहे.

मी तडक कारखान्यात गेले. पर्सोनेल ऑफिसर दामले फॅनखाली बसले होते.

“नंबर माझा आहे,” मी म्हटलं.

“मॅडम, तुम्हाला कंपनीच्या डॉक्टरांच्या पॅनेलवर घेताना मी स्वतः इन्स्पेक्शन केलंय. नंबर भिंतीवर होता. परवा परत पाहिला. तिथेच आहे.”

“तिथे दाढ्या करतात हो!”

“ते मला नका सांगू. नंबर आहे की नाही?”

“मग जाधवांची दाढ न्हाव्याने भरायची?”

“नंबर व्हॅलिड असेल तर माझी हरकत नाही.”

हा माणूस ग्रॅज्युएट होता.

तिथून मी सलूनमध्ये. पाळी सुटलेले जाधवही मागोमाग. सलूनवाले दिलीपभाऊ एकाच्या गालाला फेस लावत होते.

“ताई, पाटी न्या ना तुमची! टेन्शन झालंय नुसतं. सकाळी एक जण खुर्चीत बसला, आ करून. मी बोललो, बाबा, मी वरून काम करतो, आतून नाय.”

त्यांनी छिन्नीने पाटी उचकटली, प्लास्टरसकट. पाटी हातात, मागे जाधव गालाला रुमाल बांधून, असे आम्ही भर बाजारातून आलो. एका फळवाल्याने विचारलं, “कसला मोर्चा?”

पाटी नव्या भिंतीवर लागली. दामलेसाहेबांना इन्स्पेक्शनला वेळ नव्हता. आठवडे गेले तरी होत नव्हता. शेवटी आले, पाटीवरचा आकडा बोट फिरवून वाचला आणि म्हणाले, “आता बरोबर. एवढं आधी केलं असतं तर?”

मंजुरी मिळाली. तोवर जाधवांची दाढ उभी चिरली होती. रूट कॅनलचा प्रश्नच उरला नाही. काढली.

कापसाचा बोळा दाबून जाधव म्हणाले, “म्याडम, माज्या दाढंवर बी एक पाटी ठोकली असती, तर ऱ्हायली असती बगा.”

पत्रकाची दुसरी आवृत्ती काढली: ‘नंबर माणसाचा असतो, भिंतीचा नव्हे!’ पहिली प्रत दामलेसाहेबांच्या टेबलावर आपटली. त्यांनी ती शांतपणे वाचली, उलटून मागची बाजू पाहिली.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण यावर नंबर कुठाय?”