आया गजगे खेळल्या तो दिवस

वाळूजला कंपन्या आल्या आणि आमच्या वर्गात कुठकुठली पोरं दाखल झाली. कुणाच्या घरी भोजपुरी बोलत, कुणाच्या घरी दखनी. माझे वडीलही खुलताबादच्या डोंगरातली मेंढरं काकांवर सोपवून कारखान्यात लागले होते.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. शाळा चार दिवस भरायची, दोन दिवस बंद. शेजारच्या खोलीतली मुलगी माझी मैत्रीण, माझ्याच बाकावर बसायची. तिचे वडील मोर्चात जात, माझे घरी गप्प बसत. आमच्या दोघींच्या आयांचं बोलणं ‘पाणी आलं का?’ एवढ्यावर येऊन थांबलं होतं.

शाळा सुरळीत झाली तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी जाहीर केलं, “यंदा गॅदरिंगला नाच नाही. आयांनी यायचं आणि आपापल्या गावचा खेळ शिकवायचा.”

आई म्हणाली, “मला काय येतंय? मी मेंढरांमागं वाढलेली.”

“मग मेंढरांमागं काय खेळायचीस?”

“गजगे,” म्हणाली आणि स्वतःच लाजली.

त्या दिवशी मैदानात आई कोपऱ्यात बसली. पाच गजगे, म्हणजे सागरगोटे, काढले, एक वर फेकला, खालचे उचलून त्याला अलगद झेललं. मी आईला असं खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. शेजारी सिल्लोडकडची एक आई होती. ती ओरडली, “अगे, ये तो हमारे गुट्टे!” आणि बुरखा सावरत जवळ सरकली. बिहारच्या काकूंनी तर जमिनीवरचेच पाच खडे वेचले.

मैत्रिणीची आई लांब उभी होती. बराच वेळ बघत राहिली. मग पुढं येऊन म्हणाली, “वहिनी, तुमच्यात उलट्या हातावर झेललेलं चालतं का?”

आईनं मान वर केली. “चालतं की. बसा ना.”

ती बसली, आणि मग काय! आम्हा पोरांना शिकवायचं राहिलं बाजूला. “ए, हात लावू नगं, डाव मोडंल,” म्हणत आयांनी आम्हालाच हाकललं. भाषणांची घंटा झाली, कुणी हललं नाही. स्टेजवर पाहुणे गळ्यात हार घालून एकटेच बसलेले. बाई सगळ्यांना बोलवायला आल्या, जरा वेळ वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “सरका हो थोडं, एक डाव मला पण.”

शेवटी मैत्रिणीची आई जिंकली. माझी आई एका गजग्यानं हरली.

घरी येताना दोघी आमच्या पुढं चालत होत्या, भांडत.

“तो झेल तुमच्या बोटाला लागून पडला होता, मी बघितलंय.”

“नाय हो वहिनी, लई साफ झेल होता तो!”

रविवारी मी दार उघडलं तर मैत्रिणीची आई पदराला हात पुसत उभी. “आई हाय का घरात? म्हणावं, झेल दाखवायला आले.”