एक हजार तीस पावलं

सकाळी कंपनीच्या बसला निघाले की बबनराव अशा ढांगा टाकायचे, की विसरलेला डबा घेऊन यशोदाबाईंना पिंपळे गुरवच्या चौकापर्यंत पळावं लागे. चाकणची बस त्यांना वीस वर्षांत एकदाही चुकली नाही. पण हाच माणूस संध्याकाळी सोसायटीत फेरी मारायला उतरला की त्याच्या पायांना काय व्हायचं, देव जाणे! इवली इवली पावलं टाकत, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत निघायचा. शेजारच्या मारुतरावांना वाटायचं, गुडघे गेले बिचाऱ्याचे. त्यांनी एकदा तेलाची बाटलीही आणून दिली.

"मुंगी बी पुढं जाईल तुमच्या," बाकावर मेथी निवडत बसलेल्या यशोदाबाई म्हणायच्या. "पाय मोकळं टाका की जरा."

"अगो, गप. मोजणी चुकेल माझी."

ही मोजणी म्हणजे बबनरावांचं गाव. कोकणात, किनाऱ्यापासून अर्धा तास होडीनं गेलं की कातळबेट नावाचं एक ओबडधोबड बेट लागतं. तिथल्या आठ-दहा घरांतलं एक त्यांचं. वडील लवकर गेले. आई ओहोटीला खडपावर, म्हणजे पाण्यालगतच्या पसरट खडकावर, कालवं फोडायला जायची आणि पोराला बरोबर न्यायची. पोरगं लाटांना भ्यायचं. आई म्हणायची, लाटेकडे बघू नको, पावलं मोज. होडी लागते त्या धक्क्यापासून उंडीच्या झाडापर्यंत तीनशे दहा. झाडापासून गोड्या पाण्याच्या झऱ्यापर्यंत दोनशे चाळीस. तिथून खडपाच्या कडेनं चारशे ऐंशी, की आलं आईचं बसणं. बसणं म्हणजे कातळातला एक खळगा, मागं पाठ टेकायला सोय असलेला. काम आटोपलं की आई तिथं बसायची, पोराला कुशीत घ्यायची आणि भाकरीचा घास भरवायची. पुढं ती त्याला घेऊन मामाच्या गावी राहायला गेली आणि बेट सुटलं ते सुटलंच.

अठराव्या वर्षी बबनराव भोसरीच्या एका वर्कशॉपात लागले. शेजारच्या मशीनवरचा भिमाजी देहूकडचा. त्यानं आपली बहीण दाखवली, ती यशोदा. इंद्रायणीपेक्षा मोठं पाणी पोरीनं पाहिलं नव्हतं. कासारवाडीच्या एका खोलीत संसार मांडला, त्या पहिल्याच आठवड्यात बबनरावांनी शब्द दिला, "एकदा तुला आईच्या बसण्यावर नेऊन बसवणार. असा समुद्र दिसतो तिथून, माहेर विसरशील."

"माहेर इसरायला मला काय धाड भरलीया?" बाई म्हणाली खरी, पण मनातून हरखून गेली होती.

पहिल्या वर्षी सुट्टी मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी निरंजन झाला. मग चाकणची कंपनी, ओव्हरटाइम, पोराची दहावी, बारावी, लग्न. निवृत्त झाल्यावर तरी जावं, तर लॉकडाउन लागला. आता खरं सांगायचं तर सुट्ट्या काही अगदीच मिळत नव्हत्या असं नाही. कोल्हापूरला दोनदा जाऊन आले की! कोकणाचा विषय निघाला की मात्र बबनराव पेपरात डोकं खुपसायचे. घाबरत होते ते. तिथं आता आई नाही, हे डोळ्यांनी बघायचं धाडस होत नव्हतं.

त्यापेक्षा त्यांनी नोकरीत असल्यापासून सोसायटीतच बेट मांडलं होतं. वॉचमनची केबिन म्हणजे धक्का. तिथून आवाराला वळसे घालत तीनशे दहा पावलांनी गुलमोहर, ती उंडी. पुढं पाण्याची टाकी, तो झरा. शेवटची चारशे ऐंशी संपली की मागच्या भिंतीपाशी मिनिटभर उभे राहायचे. तिथं बाक होता, पण त्यावर कधी टेकले नाहीत. "बसायचं ते तिथंच," म्हणायचे. त्यांच्याबरोबर चालायला कुणी तयार नसायचं, सगळ्यांना कंटाळा यायचा. एकट्या नातीचं, सायलीचं, त्यांच्याशी छान जमायचं.

गेल्या श्रावणात बबनराव खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चहाचा कप हातातच होता.

यशोदाबाई चार महिने कुणाशी धड बोलल्या नाहीत. मग मार्गशीर्षात एके दिवशी जेवता जेवता निरंजनला म्हणाल्या, "मला बेटावर ने."

"आई, तिथं काय आहे आता?"

"माझी बसायची जागा हाय."

निरंजननं बायकोकडे पाहिलं. स्नेहल म्हणाली, "जाऊ या ना. सायलीलाही सुट्टीच आहे." झालं, ठरलं.

होडीवाला बोलका होता. म्हणाला, "हल्ली लोक येतात पोराबाळांना घेऊन. कडेकडेनं फिरतात, डबे खातात. वाट सोपी आहे. ते बसणं का काय, ते मात्र आपल्याला ठाऊक नाही. जुनं माणूस कुणी राहिलंच नाही बेटावर." धक्क्यावर उतरवताना त्यानं बजावलं, "साडेबाराला परत या, मावशी. पुढं पाणी चढतं. आणि उद्यापासून वारा आहे, होडी बंद."

म्हणजे जे काय ते आजच. निरंजनची सुट्टीही सोमवारी संपत होती. यशोदाबाईंनी पदर खोचला. "धक्क्यापासनं मोज रं. तीनशे धा."

निरंजन मोठ्यानं मोजत पुढं, त्याच्यामागं आई. स्नेहल शंख वेचत, खेकडे बघत आणि सायली ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत मागून येत होत्या. डावीकडे काळा खडक, खाली फेसाळतं पाणी, वर पडक्या घरांचे चौथरे. दोनशे पंधराव्या पावलाला एक भलंमोठं उंडीचं झाड आडवं आलं.

"आई, झाड तर इथंच आहे."

"ह्ये न्हवं. अजून पंच्याण्णव पावलं हायती."

"अगं, पण..."

"केसाएवढा फरक हाताला कळायचा त्यांच्या. जनमभर मापं घेतली मशीनवर, एक जॉब रिजेक्ट न्हाई झाला. त्यांचा आकडा चुकंल व्हय? चल फुडं."

निरंजन पुढचा आकडा म्हणत चालू लागला. वाटेत एक झरा ओलांडला, त्याच्याकडेही यशोदाबाईंनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, कारण आकडा भरला नव्हता. दगडांवरून चालताना धाप लागत होती, तरी त्या थांबल्या नाहीत. निरंजन "एक हजार तीस" म्हणून उभा राहिला, तेव्हा समोर सरळसोट कडा होता आणि खाली लाटा आपटत होत्या. खळगा नाही, बसणं नाही, काही नाही. दोघांनी आजूबाजूचा दगड न दगड पाहिला. बारा वाजून गेले.

"आई, बाबा लहान होते तेव्हा. काहीतरी आकडे मनात बसले असतील त्यांच्या. चल आता."

यशोदाबाई मटकन खाली बसल्या. "म्हंजी चाळीस वर्सं थापा मारल्या व्हय माझ्यापाशी? त्या समद्या फेऱ्या, ती मोजणी, त्यो शबूद?" आणि चार महिने डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई तिथं त्या कातळावर हुंदके देऊन रडली.

तेवढ्यात मागून स्नेहलची हाक आली. "अहो, जरा इकडे या! ही पोरगी हलायलाच तयार नाही!"

दोघं परत फिरले. बरंच मागं, खडपाच्या कडेला सायली हाताची घडी घालून एका खडकाला टेकून उभी होती.

"चल, सायली. होडी जाईल," निरंजन म्हणाला.

"मी नाही येणार पुढे. माझी एक हजार तीस झाली. झाली की थांबायचं असतं, आजोबांनी सांगितलंय."

"अगं, तुझी पावलं लहान आहेत, म्हणून..." निरंजन बोलता बोलता अडकला.

यशोदाबाईंनी सायलीच्या पायांकडे पाहिलं. आठ वर्षांच्या पोरीचे पाय. मग त्या पुढं झाल्या आणि खडकाच्या पलीकडे वाकून पाहिलं. तिथं खळगा होता. पाठ टेकायची बाजू घासून घासून गुळगुळीत झालेली.

त्या जपून उतरल्या आणि बसल्या. समोर सगळा समुद्र उघडा होता, खरंच माहेर विसरावं असा. खळगा बेताचाच, एक बाई आणि तिच्या कुशीत एक लेकरू मावेल एवढा. कडेला उरलेल्या जागेवर त्यांनी हात ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "ल्हानपणीची पावलं टाकताय म्हून सांगायचं तरी! मी आपली हसत ऱ्हायले जनमभर. मुंगी म्हनले तुमाला." त्यांना फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त माया आली.

होडीवाल्यानं लांबून शीळ घातली. पाणी खडपावर चढू लागलं होतं. सायली आजीचं बोट धरून निघाली. निरंजन घाईनं लांब ढांगा टाकत पुढं गेला, अगदी बापासारख्या, बस गाठायच्या.

"दमानं रं, निरंजन," यशोदाबाईंनी हाक मारली. "तुझा बाप मागनं येतोय. आठ वर्सांचा हाय त्यो."

निरंजन थांबला. मग त्यानं पावलं आखडली आणि पहिल्यापासून मोजायला लागला.