रेग्युलेटरवरचं कुंभारणीचं घर

पूर्णगडाच्या पायथ्याशी रस्ता जिथं अंग मुरडून खाडीकडे उतरतो, तिथं गोदाची खानावळ आहे. चिऱ्याचा ओटा, वर पत्रे, मोजकी बाकडी आणि समोर पाणी. खाडीचं गढूळ पाणी समुद्राच्या निळ्याला भिडतं ती रेघ ओट्यावरून दिसते. पाहुणे तिचे फोटो काढतात. गोदाला मात्र तिच्याकडे बघायला कधी फुरसत मिळाली नाही.

तरुणपणी ती डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. गावखडी, पावस, पार गोळपापर्यंत चालत जायची. नवरा रघू होडीवर होता; एका पावसाळ्यात ताप डोक्यात गेला आणि तो उठला नाही. पोर पदरात, पाटी डोक्यावर. कुणापुढे हात पसरायचा नाही हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही, फक्त तसं वागली. पुढे तो पोर, स्वरूप, मुंबईला हॉटेलच्या भटारखान्यात लागला. तिथल्या मालकाने सामान बदललं तेव्हा त्याने गॅसवरची मासे भाजायची जुनी जाळी मागून घेतली आणि टेम्पोत घालून आईकडे धाडली. पाटी उतरली आणि खानावळ उभी राहिली. कोळशाचा धूर नाही, राख नाही, हवी तेवढी आच. गोदा त्या जाळीला माणसासारखं वागवायची. खारं वारं लोखंड खातं, म्हणून रोज पुसायची आणि पावसाळ्यात गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची. सिलेंडरही तसाच, अर्धा भरलेला, रेग्युलेटर चढवलेला, तिच्या बाजूला उभा.

यंदा नवरात्रात तिने गोणपाट काढलं आणि तिचा हात जागीच थांबला.

रेग्युलेटरच्या गोल टोपीवर कुंभारणीने घर केलं होतं. त्या काळ्या, बारीक कमरेच्या माशीने खाडीचा चिखल तोंडातून आणून एकाला एक लागून मातीचे खण बांधले होते. टोपीवरून ते खाली नटापर्यंत उतरले होते. दुसऱ्या कशावर असतं तरी गोदाने ते झाडूने पाडलं नसतं. कुंभारीण ज्या घरात घर बांधते त्या घरात पाळणा हलतो, आणि तिचं घर मोडलं तर तो हलायचा थांबतो, हे तिने आईच्या पोटात असल्यापासून ऐकावं तसं ऐकलं होतं. आणि सून रसिकाला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते.

रसिकाची कूस याआधी दोनदा रिकामी झाली होती. दुसऱ्या वेळी गोदा तिच्या उशाशी रात्रभर बसली होती. म्हणून या वेळी गोदाने रेग्युलेटरवर स्वच्छ फडकं टाकलं, त्याला हलकीशी गाठ मारली आणि कुणाला काही सांगितलं नाही. रसिकालाही नाही. आशा बोलून दाखवली की तिला दृष्ट लागते.

दिवाळी उलटली, पाहुणे यायला लागले आणि जाळी चेकाळली.

कधी ज्योत पिवळी होऊन मातीत तोंड घालावं तशी बसायची. मासा कच्चा राहायचा. मग एकाएकी भडकून कडांच्या वर यायची. गोदाने बर्नरची भोकं सुईने साफ केली. पाईप नवा आणला. सिलेंडरवर गरम पाणी ओतून बाहेरून हात फिरवला. खाली थंड लागला, म्हणजे गॅस होता. साबणाचं पाणी करून पाइपाच्या दोन्ही टोकांना लावलं. एक बुडबुडा आला नाही. तिने सगळं तपासलं. फक्त फडक्याखालचं तपासलं नाही. तिथंच काहीतरी आहे हे तिला कळत होतं, आणि जे कळत होतं ते ती स्वतःपासूनही झाकत होती.

"आई, शेगडीवाल्या निलेशला बोलवूया का?" रसिका दोनदा म्हणाली.

"कशाला गो? जुनी वस्तू हाय, नखरे करतं. होईल सरळ."

रसिका पोफळीची. बाप वीजघरात कामाला, वसाहतीत वाढलेली. ती सासूपुढे हट्ट करायची नाही, पण तिचं बघणं थांबायचं नाही.

नाताळच्या सुट्टीत, रसिकाला पाचवा लागला असताना, एके दिवशी कोल्हापूरकडची एक मोठी मंडळी आली. लहान मुलं, म्हाताऱ्या, सगळे भुकेले. गोदा आत भात उपसत होती. रसिका जाळीपाशी उभी होती, हातात उलथणं, जाळीवर सुरमईचे तुकडे. ज्योत बसलेली. ती वाकून बघायला गेली.

गोदाला आधी आवाज ऐकू आला. भात्याने फुंकर घालावी तसा. मग रसिकाची किंकाळी.

गोदा धावली. ज्योत रसिकाच्या छातीपर्यंत आली होती. पोर मागे सरली होती, पण पदराचं टोक पेटलं होतं आणि ती दोन्ही हातांनी पोट झाकून उभी होती. पदर विझवायचं तिला सुचत नव्हतं. गोदाने पदर मुठीत आवळला, विझवला, आणि दुसऱ्या हाताने सिलेंडरचं चाक बंद केलं. चाक फिरवताना फडकं निसटलं. तिने ते झटकन परत टाकलं. एवढ्या गोंधळातही तिने ते परत टाकलं.

"भाजलं का गो? पोटाला काय? बोल ना!"

"नाय आई. केस करपले हाताचे. बाकी काय नाय."  रसिकाचे डोळे फडक्यावर होते.

मंडळींना पाणी दिलं, सोलकढी दिली, थोडा वेळ लागेल म्हणून सांगितलं. रसिकाने फोन उचलला आणि विचारल्याशिवाय निलेशला लावला. निलेश पावसला शेगड्या दुरुस्त करतो. गाडीवरून यायला त्याला फार वेळ लागला नाही, पण गोदाला तो फार लांबला.

"काय गोदामावशी, आज सूनबाईलाच भाजायला घेतलंव की काय?" निलेश हसत उतरला. कुणी हसलं नाही, तसा तोही गप्प झाला. त्याने आधी सिलेंडर बंद असल्याची खात्री केली, आतली चूल विझवायला लावली, मग सिलेंडर ओढत ओट्यावरून खाली मोकळ्यावर आणला. बर्नर बघितला. पाईप बघितला. मग खाली बसला आणि फडक्याला हात घातला.

"ता राहू दे," गोदा म्हणाली.

"फडका राहू दे?"

"त्येच्याखाली काय नाय."

"मग बघायला काय जातंय मावशी?" त्याने गाठ सोडली.

 मंडळींतलं एक मूल ओट्यावर धावत होतं, त्याच्या पैंजणांचा आवाज तेवढा.

"आयला," निलेश हळूच म्हणाला. "बंगला बांधलाय हिने." त्याने बोटाने टोपीच्या बाजूला दाखवलं. "हितं बारीक भोक असतं. रेग्युलेटर त्याच्यातनं श्वास घेतो. आत रबराचा पडदा, तो वरखाली होतो आणि गॅस मोजून सोडतो. भोक बुजलं की पडदा अडखळतो. मग कधी उपास, कधी एकदम ताट भरून. आज ताट भरून आलं."

"माती काढलीस तर चालेल?" रसिकाने विचारलं.

"आत गेली असणार. आणि ह्याचं वयही झालंय, कड बघा, हिरवी पडलीय. नवीनच बसवायचा. माझ्याकडे हाय." त्याने डिकीतून नवा रेग्युलेटर काढला. मग नटाकडे बघितलं आणि गोदाकडे बघितलं. तो इथलाच होता. त्याला सगळं कळलं.

"मावशी, हा असाच उचलून काढून देतो. वळचणीला टांगून ठेवा घरासकट. हाय काय त्यात!"

गोदाने पहिल्यांदा श्वास सोडला.

निलेशने दोन्ही हातांनी नट धरला. त्याचे आटे उलटे असतात. आपण बंद करायला फिरवतो तसा फिरवला की सुटतो. त्याने जोर लावला. मातीचा एक कण गळला. गोदाच्या तोंडून नकळत "हळू!" निघालं. तो थांबला, तळहात पुसले, परत लावला. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. नट हलला नाही. खोबरेल सोडलं, थांबला, परत बघितलं. नट जसाच्या तसा.

"मीठ चढलंय आट्यात. हाताने सुटायचा नाय." त्याने पाना काढला, नटाशी नेला आणि परत घेतला. "पाना बसवायचा म्हणजे हा खालचा खण जाणार. जोर लावला की वरचेही जातील."

"मग नको," गोदा म्हणाली.

"मावशी, वर लोक बसलेत."

"त्येना सांग जावा म्हणून. माझी खानावळ आज बंद. उद्या बंद. चुलीवर शिजवीन. पण त्याला पाना लावायचा नाय."

"आई."

रसिकाने तिला कधी अशा आवाजात हाक मारली नव्हती.

"तुमाला ठाऊक होतं? जाळी ह्याच्यामुळं चेकाळतेय म्हणून?"

गोदा समुद्राकडे बघत राहिली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि खरं बोलायला जीभ उचलत नव्हती.

"ठाऊक होतं," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे वाटत होतं. मी काय करू गो? तुझ्यासाठीच ना! दोनदा बघितलं मी. तिसऱ्यांदा मला बघायचं नाय. एवढीशी माती ती. म्हटलं, पिल्लं उडून जातील आपली आपण, मग काढू. मला काय माहीत, तुझ्याच अंगावर यील म्हणून!"

 रसिकाचा जळका पदर वाऱ्याने हलत होता. तिला या मातीच्या घराचं हसू येत नव्हतं, हे निलेशच्या लक्षात आलं. भीती तिलाही होती. पोफळीला तिच्या आईनेही अशी घरं कधी पाडली नव्हती. सातव्यात माहेरी जायचं, तिथं आई विचारणार, सगळं नीट ना? आणि काय सांगायचं?

"मी पाडतो," असं काहीतरी पुटपुटत निलेश पुढं झाला, तेवढ्यात गोदाने त्याला हाताने मागे सारलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तू नको. तू परका. तुला पाप कशाला? मीच पाडते. माझ्याच हातून होऊ दे." तिने हात पुढे केला.  मातीला लागायच्या आधी बोटं मिटली. तिने परत पुढे केली. परत मिटली.

"सरा आई," रसिका म्हणाली.

"तू? तू तर शिवूपण नको!"

"मीच शिवणार. ऐका माझं. तुमी पाडलंत आणि उद्या काय झालं, तर तुमी जन्मभर सवताला खाल. मला बघवायचं नाय ते. निलेशभावजींनी पाडलं तर तुमी त्येच्या गाडीचा आवाज आला तरी तोंड फिरवाल. मी पाडलं तर कोण कुणाला बोलणार? माझं ते माझ्यापाशी."

ती जाळीपाशी गेली आणि तिथं पडलेलं उलथणं घेऊन आली. तिने ते नटाच्या वर टेकवलं, डोळे मिटले नाहीत, आणि दाबलं.

माती कोरडी होती. शेव मोडावी तसा आवाज झाला. एक खण आधीच रिकामा होता, त्याच्या तोंडाला गोल भोक. कुणीतरी तिथून केव्हाच उडून गेलं होतं. दुसऱ्यातून वाळलेले कोळी पडले. तिसऱ्यात एक पांढरी अळी होती, तांदळाच्या शितापेक्षा जाड, आणि ती हलत होती.

 निलेशने पाना लावला, एकदाच जोर केला आणि नट करकरला. जुना रेग्युलेटर निघाला. नवा चढला. त्याने साबणाचं पाणी लावलं, सिलेंडरचं चाक उघडलं आणि तिघंही वाकून बघत राहिले. बुडबुडा नाही. त्याने पाईप जोडला, परत बघितलं, आणि मग जाळीखाली काडी धरली.

ज्योत आली. निळी, बुटकी, एका रांगेत. वाऱ्याने थोडी कलली आणि परत उभी राहिली.

गोदा तिच्याकडे बघत नव्हती. तिने आंब्याचं पान तोडून त्यावर ती अळी घेतली होती आणि चिऱ्याच्या भिंतीतल्या एका खळग्यात, उन्हाचा कवडसा पोचणार नाही अशा जागी, ठेवली होती. चिमूटभर माती वर लोटली.

"जगंल?" तिने निलेशला विचारलं.

"मला ठाऊक नाय, मावशी," तो म्हणाला. त्याने खोटं सांगितलं नाही म्हणून गोदाला तो त्या क्षणी आवडला.

सुरमई भाजली गेली. मंडळी जेवली, बोटं चाटली, पाण्याच्या रेघेचे फोटो काढून निघून गेली. रसिका जाळीपाशी उभी होती. गोदाने दोनदा तिच्या हातातून उलथणं काढून घ्यायचा प्रयत्न केला, दोनदा तिने दिलं नाही. भांडी घासताना गोदा मध्येच थांबली.

"हलतंय का गो?"

रसिकाने ओला हात पोटाला लावला. जराशी थांबली. गोदाला तो थांबलेला क्षण पाटी घेऊन गोळपाच्या चढणीवर चढल्यासारखा लागला.

"हलतंय."

भांडं विसळलं. दुसरं घेतलं.

"आता?"

"आई, आत्ताच सांगितलं ना! प्रसूतीपर्यंत किती वेळा इचारशाल?"

"जितक्या वेळा इचारावं लागंल तितक्या वेळा," गोदा म्हणाली. "तू आपली सांगत जा."